तुमच्या क्लबचा शेवटचा हंगाम

तुमच्या फुटबॉल क्लबचं एक पान परवा इंटरनेटवर सापडलं. सहज सापडलं असं लिहिणार होतो, पण तुम्हाला लिहिताना पहिल्याच परिच्छेदात खोटं नको. दर दोन-चार वर्षांनी मी ते शोधतोच. या वेळी मिळालं. क्लब कोणी काढला, किती वेळा नाव बदललं, किती हंगाम दुसऱ्या विभागात गेले आणि किती तिसऱ्या, शेवटी एका उन्हाळ्यात वरून आलेल्या हुकमानं तो जिल्ह्याच्या मोठ्या शहरातल्या संघात कसा विलीन झाला, सगळं त्यात आहे. शेवटच्या हंगामाचं कोष्टकसुद्धा पूर्ण आहे. तुमच्या वहीत ते अर्ध्यावर थांबलं होतं. मुलगी कॉफीचा कप घेऊन मागे येऊन उभी राहिली. "बाबा, ही कुठली टीम? आर दे एनी गुड?" मी म्हटलं, "बंद पडली गं, फार वर्षांपूर्वी." "मग इतका सीरियस चेहरा करून काय बघतोयस?" मी पानाच्या तळाशी बघत होतो. ही माहिती कोणी गोळा केली, कोणी दिली, ते तिथे कुठेच नव्हतं. तुम्ही असतात तर लाल पेन्सिलीनं समासात दोनच शब्द लिहिले असते: कोण म्हणतं?

त्या दोन शब्दांनी मला घडवलं. अकोल्याच्या एका जिल्हा दैनिकात तीन वर्षं काढून मी पत्रकारितेचं पुढचं शिक्षण घ्यायला न्यू जर्सीला आलो होतो आणि आठवड्यातले दोन दिवस तुमच्या साप्ताहिकात काम मागायला आलो. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. प्रिन्स्टन जंक्शनच्या आसपास तेव्हा अजून बटाट्याची शेतं होती आणि न्यूयॉर्कची गाडी चुकली की स्टेशनवर कुत्रंही दिसत नसे. तुम्ही कार्यालयातले सर्वांत जुने संपादक, रोमानियातून दुसऱ्या महायुद्धानंतर निसटून आलेले, बोलताना प्रत्येक 'र' दगडावर घासल्यासारखा. विचारलंत, "तिथे काय शिकलास?" मी म्हटलं, "प्रुफं वाचायला, आणि भेट अंक पोस्टात टाकायला." ते काय असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी सांगितलं, आमच्याकडे ज्याचं लिखाण किंवा माहिती छापली जाते त्याला तो अंक घरपोच जातो. पाकिटावर वर 'भेट अंक' लिहायचं. पैसे नाही मिळाले तरी लोक चालवून घेतात, अंक नाही आला तर भांडायला येतात. तुम्ही हसलात. "इथे कोणी कोणाला काही पाठवत नाही. सोमवारपासून ये."

पहिल्याच आठवड्यात बोलणी खाल्ली. टाउनशिपच्या सभेची बातमी होती, नव्या सांडपाण्याच्या लायनीवरून लोक चिडलेत असं मी लिहिलं होतं. समासात लाल अक्षरं: कोण म्हणतं? मी म्हटलं, "सगळेच म्हणतात." तुम्ही कागद परत माझ्याकडे सरकवलात. "मग सगळ्यांची नावं लिही. ज्या वाक्याला मालक नाही ते वाक्य माझ्या पानावर येणार नाही." सगळ्या कार्यालयासमोर म्हणालात. मला राग आला होता. आज चाळीस वर्षं याच धंद्यात काढल्यावर हाताखालच्या पोरांना मी तेच सांगतो.

रविवारी तुम्ही चर्चमधून परत आलात की मला घरी बोलवायचात. ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं: टेबलावर रबरी चादर, खिडकीत सुकलेल्या मिरच्यांची माळ, चुलीवर कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या रटरटतायत. माझ्यासाठी मांस न घालता, नुसता भात भरून केलेल्या वेगळ्या पातेल्यात. तुमचे एक बुद्धिबळवाले मित्र खिडकीशी बसलेले असत. तेही रोमानियाचेच, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारे, बुटके, कानात केस असलेले गृहस्थ. माझी गुंडाळी बघून म्हणायचे, "हे अन्न नाही, ही शिक्षा आहे!" आणि तुम्ही त्यांचा उंट उचलून नेईपर्यंत पटावर काय चाललंय ते त्यांच्या लक्षात येत नसे. मग ते गेले की तुम्ही वही काढायचात.

वहीत क्लब होता. साखर कारखान्याच्या गावातला, रेल्वेच्या कारकुनांनी गुरं चरायच्या माळावर सुरू केलेला. लढाईनंतर त्याला कम्युनिस्ट पक्षाला शोभेल असं नाव मिळालं, मग आणखी एक, मग कारखान्याचं. पहिल्या विभागात तो एकदाच चढला, एका हंगामापुरता. शेवटून पहिला आला, पण त्या वर्षी त्यानं राजधानीच्या एका बलाढ्य संघाला आपल्या मैदानावर एक-शून्यनं हरवलं, आणि गोल करणाऱ्या उजव्या बगलेच्या पोराला पुढच्याच महिन्यात सैन्याची नोटीस येऊन त्याला सैन्याच्या संघात नेलं. "आमच्याकडे खेळाडू विकत घेत नाहीत," तुम्ही म्हणालात, "भरती करतात." खाली दुसरा विभाग, त्याचे तीन गट, त्याखाली तिसरा, त्याचे बारा गट. जिंकलं की दोन गुण, बरोबरीला एक. हंगामाच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतले निकाल मात्र तुम्ही वहीत पेन्सिलीनं लिहिले होते, शाईनं नाही. मी कारण विचारलं. "ते मैदानावर ठरलेले नाहीत. टेलिफोनवर ठरलेत."

हे सगळं तुम्हाला बहीण कळवायची. तीच एक मागे राहिली होती. कारखान्याच्या कार्यालयात कारकून, एकटी, लग्न नाही. क्लबच्या जुन्या चिटणिसाच्या नोंदवह्या कार्यालयाच्या कपाटात होत्या. त्यांतून ती उतरवून घ्यायची, आणि चालू हंगामातले सामने स्वतः जाऊन बघायची. सगळं हातानं लिहिलेलं, कारण टाइपरायटर असेल तर त्याची पोलिसांकडे नोंद करावी लागे. दर सामन्याबरोबर ती एक बिनकामाची गोष्ट लिहायची: मैदानात कुत्रं शिरलं, मध्यंतरात वीज गेली, गोलरक्षक हातमोज्यांऐवजी बायकोचे लोकरी मोजे घालून आला. ती ओळ वाचताना तुमचा आवाज बदलायचा. पाकिटं उघडून पुन्हा चिकटवलेली असत, तुम्ही मला त्यांची कड दाखवली होतीत. "ते वाचतात, कंटाळतात आणि पुढे पाठवतात. फुटबॉलवर अजून कोणाला संशय आलेला नाही." त्या 'अजून'वर तुम्ही थांबलात, आणि मग वही मिटून कोबीचं पातेलं खाली उतरवलंत.

येता हंगाम संपला की क्लब बंद होणार असं तिनं कळवलं त्या उन्हाळ्यात तुम्ही लेख लिहायला घेतलात. आमच्या भागात तेव्हा घराघरातली पोरं सॉकर खेळायला लागली होती, म्हणून मालकांनी तीन भाग छापायला होकार दिला. माझा खोलीवाला, नागपूरचा, केमिस्ट्रीत पीएचडी करणारा, मला छळायचा: "अबे, तू इथे जर्नालिझम करायला आलास का रोमानियाची सेकंड डिव्हिजन पाठ करायला?" पहिला भाग गेला त्या बुधवारी दुपारी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. पान माझ्यावर सोपवून गेलात. तेव्हा मजकुराच्या पट्ट्यांना मेण लावून त्या पानावर चिकटवायच्या असत. चार वाजता पान प्रेसला जाणार, आणि तुमच्या लेखाखाली चार ओळींची जागा रिकामी. मी लेख पुन्हा वाचला. पूर्ण लेखात 'कोण म्हणतं' याचं उत्तर नव्हतं. तुमच्या लेखात! मला वाटलं, घाईत राहून गेलं. मी चार ओळी जुळवल्या: ही माहिती लेखकाच्या भगिनींनी दिली, त्या आजही त्या गावी कारखान्याच्या कार्यालयात काम करतात आणि सामन्यांच्या नोंदी, टेलिफोनवर ठरलेल्या निकालांसह, पत्रांतून पाठवतात. ओळी जागेत अचूक बसल्या. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

गुरुवारी सकाळी तुम्ही टेबलाशी उभे राहून ते वाचलंत. मग बसलात. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

"ते मी मुद्दाम लिहिलं नव्हतं," तुम्ही म्हणालात.

"पण तुम्हीच सांगता—"

"हो. मीच सांगतो." चष्मा काढून डोळे चोळलेत. "असू दे. न्यू जर्सीतलं साप्ताहिक आहे, लोक त्यात शाळांच्या सुट्ट्या बघतात. तिकडे कोणाच्या हाती लागणार?"

सप्टेंबर संपता संपता पत्र आलं. तुम्ही ते मला कार्यालयात नाही, स्वयंपाकघरात दाखवलंत, आणि आधी खिडकी बंद केलीत. अक्षर बहिणीचंच. नव्या हंगामाचे पहिले चार निकाल होते, कुत्रं नव्हतं, वीज नव्हती, लोकरी मोजे नव्हते. मग तुम्ही एकेक वाक्य मला उलगडून सांगितलंत. तुझा लेख वाचला, फार आवडला. पुढचे भाग कधी? तुझ्याबरोबर कोण काम करतं, त्यांची नावं कळव. पाकिटावर वर लिहिलेली ती अक्षरं कोणाची, त्यांचा अर्थ काय?

"तिनंच लिहिलंय," तुम्ही म्हणालात, "पण खोलीत ती एकटी नव्हती." पत्राची घडी घातलीत, पुन्हा उघडलीत. "मी तिला लेख पाठवलेलाच नाही. कुठलं पाकीट? कसली अक्षरं? तुला काही समजतंय?"

मी म्हटलं, "नाही."

त्यानंतर पत्र आलं नाही. कार्यालयात मात्र फोन यायला लागले, मंगळवारी दुपारी, अगदी सभ्य इंग्रजीत: फुटबॉलवर लिहिणारे गृहस्थ आहेत का? पुढचा भाग केव्हा? तुम्ही पुढचे दोन भाग मागे घेतलेत. एकदा मी घरी आलो तर खोलीवाला म्हणाला, "तुझ्या बॉसचा फोन होता. साउंडेड वियर्ड, यार. विचारत होते, अंक पोस्टानं कोणाकोणाला जातो त्याची लिस्ट तुझ्याकडे आहे का." दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गणीदारांची यादी पुढ्यात घेऊन बसला होतात, हातात लाल पेन्सिल. शेकडो नावांत एकच रोमानियन नाव होतं. त्याभोवती तुम्ही गोल काढलात. बुद्धिबळवाले मित्र.

तुम्ही त्यांना काही विचारलं नाहीत. चर्चला जाणं सोडलंत, पट माळ्यावर टाकलात. एका रविवारी मी आलेलो असताना त्यांनी दार वाजवलं. बाहेरून म्हणाले, "अरे बाबा, मी काय केलं ते तरी सांग! चालीत चूक झाली असेल तर परत खेळू!" तुम्ही टेबलाशी बसून राहिलात. मला खूण केलीत, उघडू नकोस. चुलीवर पातेलं होतं, ते करपल्याचा वास येईपर्यंत आपण दोघंही हललो नाही. त्यांची पावलं पायऱ्या उतरून गेली. मी तिथेच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "या देशात माझ्याकडे आता तू एकटाच आहेस," आणि मी तोंड मिटलं.

दोन हिवाळे तुम्ही असे काढलेत. फोन वाजला की कार्यालयात सगळ्यांच्या आधी तुमचं डोकं वर व्हायचं. वहीत त्या शेवटच्या हंगामाचे चार निकाल तुम्ही पेन्सिलीनं लिहिले होते, खाली रेघा आखून जागा तशीच मोकळी. तुम्ही गेलात तेव्हा तुमचे मित्र दफनभूमीच्या फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभे होते, आत आले नाहीत. वर्षभरातच तिकडची राजवट कोसळली. टीव्हीवर चौकात पळणारी माणसं मी पाहिली आणि त्याच आठवड्यात तुमच्या बहिणीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. चार महिन्यांनी ते परत आलं. वर शिक्का: या पत्त्यावर कोणी नाही. त्या दोन हिवाळ्यांत तिचं काय झालं, ते मला आजही ठाऊक नाही. इंटरनेटच्या पानावर कोष्टक पूर्ण आहे, तिचं नाव नाही. मुलीनं ते पान छापून दिलं. तुम्ही गेल्यावर माझ्याकडे आलेल्या तुमच्या वहीतल्या मोकळ्या जागेत मी काल ते निकाल उतरवले, पेन्सिलीनं.

तुम्हाला मराठी येत नव्हती. चाळीस वर्षं माझं पोट इंग्रजीवर चाललंय, तरी हे मी मराठीत लिहायला बसलो, त्याचं कारण आता तुमच्या लक्षात आलं असेल. या पत्राला पाकीट नाही. पाकीट एकदाच केलं होतं, त्या गुरुवारी, तुम्ही "असू दे" म्हणून घरी गेल्यावर. बहिणीचा पत्ता तुमच्या स्वयंपाकघरातल्या पाकिटांवरून मला पाठ होता. माहिती तिची, तेव्हा अंक तिला जायला हवा, आणि तुमचा राग निवळला की तिच्या आनंदाचं पत्र येईल, असा माझा हिशेब. पत्ता इंग्रजीत लिहिला. वर, तीन वर्षांच्या सवयीनं, देवनागरीत दोन शब्द. ते पाकीट उघडणाऱ्यानं त्या खालच्या-वरच्या रेघांकडे किती वेळ बघितलं असेल, आणि मग तिला समोर बसवून काय काय विचारलं असेल, आणि तिनं, जिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, काय उत्तर दिलं असेल, याच्या पलीकडे मी कधी जाऊ शकलो नाही.

कसली अक्षरं, असं तुम्ही मला विचारलं होतंत. 'भेट अंक' अशी होती. माझी होती.