अशूच्या अक्षतांचं खरं

अहो अशूचे पप्पा,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळ आली नाही. तुम्ही डेपोतून संध्याकाळी घरी यायचात आणि जे सांगायचं ते भाकरी वाढता वाढता सांगून व्हायचं. आज सोमवार. सकाळी तुमच्या समाधीवर बेल वाहून आले. तिथंच बोलायचं ठरवून गेले होते, पण शेजारच्या रानात बाया सोयाबीन काढत होत्या, आणि हे मोठ्यानं बोलायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहून राहिले.

अशूला परवा नांदेडच्या पुढं, त्या प्रशिक्षण केंद्रात पोचवून आले. ती फौजेत भरती झाली हे तुमच्या फोटोपुढं सांगितलं होतं. पण केंद्राच्या फाटकाच्या आत काय झालं ते सांगायचं आहे. आणि त्याच्या आधीचं एक, जे मी दीड वर्ष लपवून ठेवलं. ते आता इंदूताईंना कळलं, अशूला कळलं, तिथल्या सुभेदारांनाही कळलं. तुम्हीच तेवढे राहिलात.

तो दिवस आठवतो का तुम्हाला? लातूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. निलंग्याला आणल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "अशूच्या अक्षता बघून जातो." तुमच्या बहीण इंदूताई उशाशीच बसल्या होत्या. त्यांचा महेश आणि आपली अशू, आतेमामेभावंडं. लहानपणापासून सगळे त्यांना नवरा-नवरी म्हणून चिडवत आलेले. इंदूताईंनी तिथल्या तिथं शिरूरला फोन लावला. महेश गॅरेज बंद करून आला, शर्टावरचे ग्रीसचे डाग तसेच. अशूला कॉलेजातून बोलावलं. तिच्या ड्रेसवरच माझी हिरवी साडी गुंडाळली.

मठातले स्वामी आले. तुम्हाला उशीचा टेका दिला. मंत्र झाले, अक्षता पडल्या. तुमचा हात उचलेना, तर इंदूताईंनी मनगट धरून टाकायला लावल्या. निम्म्या तुमच्याच पांघरुणावर पडल्या. मंगळसूत्र नव्हतं. "सोनं नीट मुहूर्त बघून घेऊ, मांडवात घालू," असं मीच म्हणाले. मी हात आखडता घेणारी, हे साऱ्या गल्लीला माहीत. कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी तुम्ही गेलात.

मग मांडवाचं नाव कुणी काढेना. इंदूताई मात्र फोनवर अशूला "सूनबाई" म्हणायच्या. अशू उत्तर द्यायची, पण तोंडावर हसू नसायचं. रोज पहाटे शाळेच्या मैदानावर पळायला जायची. भरतीचा फॉर्म तिनं तुम्ही आजारी पडायच्या आधीच भरला होता, ते फक्त मला माहीत होतं. तुम्हाला सांगायचं आज, सांगायचं उद्या, करता करता तुम्ही अंथरूण धरलंत.

ती पळण्यात पास झाली, लेखीत पास झाली, डॉक्टरी तपासणीत पास झाली. बोलावण्याचं पत्र आलं, ते माझ्याच हातात पडलं, अशूनं तारीख तेवढी बघितली. त्यात एक अट होती: प्रशिक्षण संपेपर्यंत उमेदवार अविवाहित असला पाहिजे. मी ती अट वाचली, तहसीलला जाऊन ती अविवाहित असल्याचा दाखला काढून आणला आणि कागदांच्या पिशवीत घातला. अशूला दाखवलाही नाही. माझी चूक तिथं झाली. माझ्या मनात खात्री होती, म्हणून तिच्याही मनात असेल असं मी धरून चालले.

केंद्रात सकाळी अकराला पोचलो. मोठा मांडव, त्यात ओळीनं टेबलं. पहिल्या टेबलावर पत्र बघून नाव नोंदवतात, दुसऱ्यावर दहावी-बारावीचे मार्कमेमो, आधार, फोटो तपासतात. तिसऱ्यावर घरची माहिती. नव्यानं आलेल्या पोरापोरींसोबत आई-बाप, काका, कुणाकुणाचं अख्खं घर. एका बाईनं लेकाच्या पेटीत तिळाचे लाडू घातले होते, ते बाहेर काढायला लावले तर तिनं शिपायालाच दोन खाऊ घातले.

तिसऱ्या टेबलावर सुभेदार बसले होते, पिकल्या मिशांचे, बोलणं कोल्हापूरकडचं. त्यांनी अशूपुढं अविवाहित असल्याच्या हमीचा कागद सरकवला. "वाचा आणि सही करा. खाली आईची सही."

अशूनं पेन हातात घेतलं. वाचलं. पेन खाली ठेवलं.

मी म्हणाले, "कर की."

ती माझ्याकडं न बघता सुभेदारांना म्हणाली, "सर, मला यावर सही करता येणार नाही. माझ्या अक्षता पडल्यात."

मागच्या रांगेतली माणसं पुढं झुकून बघायला लागली. मी तिचा दंड धरला. "अशे, काय बोलून राहिलीस?"

"खरं बोलून राहिले, मम्मी. पप्पांनी टाकल्यात. मी खोट्यावर सही करणार न्हाई. पाठवू देत घरी."

सुभेदारांनी पेन कानाला अडकवलं. माझ्याकडं बघून म्हणाले, "ताई, इथं रोज काहीतरी असतंय. कुणाचा दाखला राहतोय, कुणाची आई चक्कर येऊन पडतीय. पण पोरगी स्वतः सांगतीय, हे मी पहिल्यांदा बघतोय. या इकडं."

शेजारच्या खोलीत त्यांनी आम्हाला बसवलं. घरच्या लोकांसाठीच ती खोली केलेली. पंखा, पाण्याचा माठ, फोन चार्ज करायला बोर्ड. त्यांनी दार लोटलं आणि विचारलं, "लग्न झालंय का नाही? एका शब्दात सांगा."

अशू म्हणाली, "झालंय."

मी म्हणाले, "न्हाई झालं."



आता ऐका, पप्पा. हे मी तुम्हाला कधीच सांगणार नव्हते.

त्या दिवशी स्वामी आले तेव्हा मी त्यांना दारातच गाठलं. चपला काढायच्या आधी. म्हणाले, "स्वामी, लग्नाचे मंत्र म्हणू नका. आजारी माणसासाठी म्हणतात ते म्हणा. त्यांना समाधान वाटू द्या. पोरीला बांधू नका." स्वामींनी एकदा आत तुमच्याकडं बघितलं. मग विचारलं, "याचं पाप कुणाच्या पदरात, बाई?" मी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला आणि म्हणाले, "माझ्या."

त्यांनी जप केला तो तुमच्या आयुष्याचा. आणि आम्ही सगळ्यांनी त्यावर अक्षता टाकल्या.

का केलं असं? तुम्हाला तोंडावर नाही म्हणायचं बळ माझ्यात नव्हतं, म्हणून. तुमचे डोळे खोल गेलेले, आणि तुम्ही उभ्या आयुष्यात माझ्याकडं स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. पण अशूनं आदल्या महिन्यात माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं होतं, "मम्मी, मला एकदा वर्दी घालू दे, मग म्हणशील तिथं लग्न करते." माझं लग्न मॅट्रिकचा निकाल लागला त्याच महिन्यात झालं. मी सुखात राहिले, तुम्हाला दोष नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं, हेही खरंच ना?

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं, एका परक्या माणसापुढं आणि आपल्या लेकीपुढं. अशू भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "पप्पांना माहीत होतं?"

"न्हाई."

"आत्याला?"

"न्हाई."

"मला तरी सांगायचं होतंस. दीड वर्ष मी स्वतःला बांधून घेतलं, मम्मी. पळताना पण वाटायचं, कुणाला तरी फसवून पळायलेय."



सुभेदार म्हणाले, "तुमच्या एकटीच्या बोलण्यावर मला हे घेता येत नाही, ताई. स्वामींचं लेखी पाहिजे, विधी झाला नाही म्हणून. मुलाचं लेखी, आणि त्याच्या आईचं. आज साध्या कागदावर सही करून, आधार जोडून मोबाइलवर पाठवायला सांगा. स्टँपवरचं पंधरा दिवसांत आणून द्या. पण पाच वाजता माझं रजिस्टर बंद होतंय. त्यानंतर ही पोरगी गैरहजर."

तेव्हा एक वाजत आला होता.

म्हणजे मला फोन लावायचा होता तो इंदूताईंना. ज्या तुमच्या लेकीला सूनबाई म्हणत होत्या, त्यांनीच लिहून द्यायचं की ही माझी सून नाही. माझा अंगठा नंबरावर तीनदा गेला आणि परत आला. अशू म्हणाली, "मी लावू का?" मी म्हणाले, "न्हाई. केलंय मी, सांगणार पण मीच."

"वैनी, पोचल्या का? पोरगी रडली न्हाई ना?" त्यांचा आवाज इतका आनंदी होता.

मी सगळं सांगितलं, कोणते कागद हवेत तेही. एका दमात, मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. पलीकडं गॅरेजमधल्या हातोडीचा आवाज येत होता, तेवढाच.

मग त्या म्हणाल्या, "म्हंजे माझा भाऊ फसून गेला."

"हाव."

"आन् मी त्याचा हात धरला. माझ्या हातानं."

"हाव, ताई."

"तुम्ही देवाधर्माच्या, वैनी. सोमवार सोडत न्हाई. आन् मरणाऱ्या माणसापुढं नाटक केलंत?"

मी म्हणाले, "जे बोलायचं ते बोला. पण पोरीचं रजिस्टर पाचला बंद होतंय."

फोन बंद झाला.

दोन वाजले. अडीच वाजले. सुभेदारांनी चहा पाठवला. अशूनं घेतला नाही, माझाही गार झाला. बाहेर नावं पुकारून एकेकाला आत नेत होते. पेट्या उचलून पोरी आत चाललेल्या दिसायच्या, आणि अशू दर वेळी उठून दारात जायची, परत येऊन बसायची. मी मनात पंचाक्षरी म्हणत होते, पण मध्येच तुमचा चेहरा यायचा आणि जपाचा आकडा चुकायचा. ज्या देवाच्या नावानं फसवलं त्याच्याकडंच मदत मागायची, कोणत्या तोंडानं?

तीनला महेशचा फोन आला. "मामी, मी मठात हाय. स्वामी लिहून देऊन राहिले. हात थरथरतो त्यांचा, जरा टाइम लागंल."

"बाबा, तू रागावला न्हाईस?"

"मला तवाच वाटलं होतं, मामी. दोन मिन्टात कुठं लग्न लागतंय? माझ्या दोस्ताच्या लग्नात स्वामींनी दीड तास उभं केलतं." तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "अशूला सांगा, नीट पळ म्हणावं. मी मोकळाच हाय, ती पण मोकळी हाय."

"आन् आई?"

"आई बोलंना. पाठीमागं गाडीवर बसून आलीय एवढंच."

पप्पा, शिरूरपासून निलंग्यापर्यंत इंदूताई मोटरसायकलवर आल्या. गुडघ्यांमुळं ज्या जीपमध्येही चढत नाहीत त्या. मठाच्या पायरीवर बसून त्यांनी सही केली. चार वाजून गेल्यावर तिन्ही कागद आले. स्वामींनी लिहिलं होतं: विवाहविधी झालेला नाही, रुग्णासाठी जप केला. महेशनं दोन ओळी. आणि तुमच्या बहिणीच्या कागदावर सुभेदारांनी सांगितलेला मजकूर होता, त्याच्या खाली त्यांनी आपल्या अक्षरात वेगळं लिहिलं होतं: "पोरगी माझ्या भावाची आहे. तिला परत पाठवू नका."

सुभेदारांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला. "हे ओळीच्या बाहेरचं आहे, पण राहू दे," म्हणाले आणि अशूपुढं परत तो कागद ठेवला.

या खेपेला तिनं सही केली. मग पुढचा कागद आला: काही बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं. दोन नावं लिहायची असतात. पहिलं तिनं माझं लिहिलं. माझी खात्री नव्हती लिहील म्हणून. दुसऱ्यापाशी ती थांबली, आणि लिहिलं: इंदूबाई, आत्या.

पेटी घेऊन निघाली तेव्हा ती माझ्या पाया पडली आणि सरळ चालू लागली. दहा पावलं गेल्यावर मागं वळून म्हणाली, "रविवारी फोन देतात म्हणे. घेत जा." तेवढंच. माझ्यासाठी ते पुष्कळ होतं.

इंदूताईंचा फोन अजून आलेला नाही. मीही केलेला नाही. फोनवर एकदा सांगून झालंय, आता फोनवर माफी मागणं हलकं वाटतं.

एक विचारू? अक्षता पडल्यावर तुम्ही माझ्याकडं बघितलंत. इतरांकडं नाही, माझ्याकडंच. तुम्ही अनेक लग्नांत मानाचे पाहुणे म्हणून बसलेले, मंत्र तुम्हाला ऐकून पाठ. तुम्हाला कळलं होतं का? कळूनही गप्प राहिलात का? रात्रंदिवस हा विचार येतो. पण कळलंच असेल असं मानून मी स्वतःला सोडवून घेणार नाही. पदर पसरून घेतलंय ते माझंच.

आणि तुमच्यावरही थोडा राग आहे, लिहूनच टाकते. जाताना तुम्ही माझं नाव घेऊन "तुला काय वाटतं?" एवढं विचारलं असतंत, तर मी खरं बोलले असते हो.

गुरुवारी शिरूरला जाणार आहे. सकाळच्या एसटीनं. इंदूताईंनी दार लावलं तर पायरीवर बसेन, बोलल्या तर ऐकून घेईन, आणि तुमच्यापुढं जे दीड वर्ष बोलले नाही ते त्यांच्यापुढं पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलेन. तसंच, अशूच्या लग्नाची गोष्ट निघेल तेव्हा पहिला शब्द तिचा असेल. तिनं महेशचं नाव घेतलं तरी तिचं, दुसऱ्याचं घेतलं तरी तिचं, कुणाचंच नाही घेतलं तरी तिचंच. लग्न झालंच तर त्या दिवशी तुमच्या वाटणीच्या अक्षता मी माझ्या हातानं टाकेन, आणि त्या खऱ्या असतील. हा माझा शब्द.

तुमची,
सुमन