आबांच्या घड्याळाची चावी

शिवराज,

आबांचं घड्याळ मागतोस, तर चावी द्यायची रीत ऐक. रोज सकाळी, मनगटावरून काढून, हळूहळू. चावी घट्ट लागली की थांबायचं, नायतर स्प्रिंग तुटते.

आबांना आता चावी दिल्याचं आठवत नाय, दिवसभर पिळत बसतात. म्हणून गुलमंडीच्या बाजारातून तसंच एक, तुटक्या स्प्रिंगचं, आणून त्यांना बांधलं. खरं मी घालते.

काल त्यांनी माझ्या हातातलं काढलं, चावी दिली, घट्ट लागताच थांबले आणि मला परत बांधलं. लई दिवसांनी आपला बाप घरात आल्यावानी वाटलं रे. मग म्हणाले, "तुमी कुणाच्या, बाई?"

घड्याळ मिळायचं नाय तुला. हे पत्रबी नाय.

थकलेली तुझी ताई,
तनुजा