सहीपुरती जागा

गुरुवार, संध्याकाळ. चंदीगड.

यांची बदली नागपूरला. म्हणून जवळच्या खरड गावातल्या कॉलेजमधल्या नोकरीचा राजीनामा आज लिहायला घेतला. इरा म्हणाली, "आई, वर्ड छोड़ो यार, लेटेक में करते हैं." लेकीचं संशोधनाचं सगळं लिखाण त्यातच असतं. मायना कुठला, मजकूर कुठला, शेवट कुठला, एवढ्या खुणा आपण करायच्या. मांडणी तो प्रोग्रॅम करतो.

सवयीने मी 'युअर्स फेथफुली'खाली एंटर दाबत राहिले, सहीसाठी.

इरा हसली. "कितने भी मारो, वो नहीं मानेगा."

नाहीच मानलं. पण पडद्यावर पान उमटलं तेव्हा माझ्या नावाच्या वर जागा होती. सहीएवढी. इथे कुणाचा तरी हात येईल, हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका अनोळखी माणसाने कधीच ठरवून ठेवलं होतं. मी बघतच राहिले. सगळं त्याने मांडलं, तेवढी जागा मात्र माझ्यासाठी सोडली.

"प्रिंट निकालूँ?"

"काढ."

कागद टेबलावर आहे. जागा अजून कोरी. हे आले की विचारणार आहे, मी इथेच राहिले तर?