बर्फाचं मशीन आणि वीस पावलं

२७ सप्टेंबर १८६४, अमरावती
आजपासून रोजनिशी. इंग्रजी तारखेनं, कारण आता मी साधा कारकून नाही. आमच्या कापूस कंपनीच्या साहेबानं बर्फाचं मशीन आणलं आणि त्याचा चार्ज मला, केशवरावांना, दिला. मशीनला ईथर लागतं. त्याचे डबे अकोल्याहून बैलगाडीनं आले. मशीन गोडाऊनमधल्या खोलीत आहे आणि भिंतीपलीकडे कापसाचे दोनशे गठ्ठे आहेत, म्हणून साहेबाला माझ्यासारखा काळजीवाला माणूस पाहिजे होता.

२८ सप्टेंबर
साहेबानं नियम सांगितले, मी बोर्डावर लिहिले. ईथर पाण्यासारखं दिसतं, पण झाकण ढिलं राहिलं की उडतं, आणि उडताना गारवा करतं. त्याची वाफ वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबचा दिवा गाठून पेटते. म्हणून वीस पावलांच्या आत आग आणायची नाही. आग विझवायला दाराशी मातीनं भरलेल्या दोन बादल्या नेहमी ठेवायच्या. अक्षर फार सुरेख आलं. चौकीदार चंद्रभानला वाचता येत नाही, त्याला समजावून सांगितलं. तो वलगावचा. त्यानं सगळं परत म्हणून दाखवलं.

२९ सप्टेंबर, दुपार
असह्य ऊन. सुरईला फडकं गुंडाळून त्यावर थोडं ईथर टाकून पाहिलं. पाणी असं गार झालं की दात शिवशिवले. हा प्रयोग होता. पुन्हा करायचा नाही.

३० सप्टेंबर
केला. शेवटचा.

१ ऑक्टोबर
आज घट बसले. बायको पार्बता म्हणाली, घटाले चांगली काळी माती पाहिजे. बादल्यांत वलगावच्या शेतातली अस्सल काळी माती होती. दोन्ही घरी रित्या करून परत दाराशी ठेवल्या. घर गोडाऊनच्या मागेच आहे, म्हणजे माती तशी जागेवरच आहे म्हणायची. दसरा झाला की परत भरतो.

३ ऑक्टोबर
सुरई आता मशीनमागेच ठेवतो. रोज उचलून नेणं बरं दिसत नाही. चंद्रभान म्हणाला, वास येऊन राहिला जी. मी म्हणालो, नवीन मशीनला वास येतोच.

५ ऑक्टोबर
साहेबानं डब्यात काठी घालून पाहिली. चार बोटं कमी भरलं. विचारलं, कसं काय. मी म्हणालो, चौकीदार झाकण नीट लावत नाही.
तोंडातून निघून गेलं. साहेबानं चंद्रभानला सांगितलं, दसऱ्यानंतर येऊ नको. चंद्रभाननं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्याची बायको जमुना बाळंतपणाला टेकली आहे. हे मला आधी ठाऊक होतं. उद्या सकाळी पहिलं काम, साहेबाला खरं सांगायचं.

६ ऑक्टोबर
कापसाचा भाव उतरल्याची तार आली म्हणून साहेब तापला होता. अशा वेळी गप्प राहणं शहाणपणाचं. उद्या.

७ ऑक्टोबर
आज साहेब खुशीत होता. कशाला त्याच्या आनंदात माती कालवा. जेवण गेलं नाही. पार्बतानं विचारलं, काहून जेवून नाही राहिले? म्हणालो, पित्त झालं. जमुनासाठी एक लुगडं घ्यावं असं मनात आहे. म्हणजे फिटंफाट होईल.

८ ऑक्टोबर
लुगडं घेतलं नाही. घेतलं असतं तर चंद्रभानला संशय आला असता. सुरई आजपासून बंद. (दुपारी एकदाच.)

९ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
आज हत्यारापात्याची, यंत्राची पूजा. सगळ्या अमरावतीत तराजूपासून गाडीच्या चाकापर्यंत पूजा होणार आणि माझंच मशीन बिनहळदीकुंकवाचं राहणार? शोभत नाही. बोर्डावर आग लिहिलं आहे, निरांजन लिहिलेलं नाही. तरी नियम म्हणजे नियम. पाट दाराबाहेर मांडला, वीस पावलं स्वतः मोजून. चंद्रभान म्हणाला, वास हाय जी, आज दिवा नका लावू. आणि म्हणाला, तुमची पावलं लई लहान हायेत. जाणाऱ्या माणसाला राग असतोच. मनावर घेतलं नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
निरांजन लावलं आणि जमिनीवरून निळा जाळ सरसरत आत गेला, थेट मशीनमागच्या सुरईपर्यंत. फडकं भडकलं. त्याच्या शेजारी डबे. मी बादल्यांकडे धावलो. रिकाम्या. हे मला माहीत होतं आणि तरी धावलो.
चंद्रभाननं भिजलेलं तरट उचललं आणि जाळावर अंग टाकलं. माती आणा म्हणून तो ओरडत होता आणि मी रिकामी बादली धरून उभा होतो. मागच्या दारानं पार्बता आली. हातात घट. नऊ दिवसांचे पिवळे कोंब, देवीची माती, सगळं तिनं त्या फडक्यावर उपडं केलं. जाळ विझला. डबे वाचले, गठ्ठे वाचले. चंद्रभानचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.
साहेब आला. मातीतून सुरई काढून विचारलं, कोणाची आहे ही.
मी सांगणारच होतो. पण आधी पगडी सावरू लागलो. चंद्रभान आपल्या भाजलेल्या हातांकडे पाहत राहिला. सुरई माझी हे त्याला ठाऊक होतं, मला वाटतं पहिल्या दिवसापासून.
पार्बता म्हणाली, आमची हाय. माह्या मायनं देल्ली होती.
मग झाकणाचंही मला सांगावंच लागलं. सगळ्यांदेखत.

१२ ऑक्टोबर
पार्बता तीन दिवस बोललेली नाही. आणखी किती दिवस, हे तिला विचारायची सोय नाही. चंद्रभानच्या घरी जाऊन आलो. त्याला मुलगी झाली. हात बांधलेले, त्यामुळे त्याला तिला घेता येत नाही. जमुनानं ती त्याच्या मांडीवर ठेवली होती. माफी मागायला गेलो होतो आणि हवेबद्दल बोलून परत आलो. वाटेत घेतलेलं लुगडं मात्र उंबऱ्याशी ठेवलं.

२१ ऑक्टोबर
साहेबानं परत बोलावलं म्हणून चंद्रभान कामावर आला, हात अजून बांधलेलेच. मशीनची किल्ली आता त्याच्याकडे. साहेबानं बोर्डावर एक ओळ वाढवायला सांगितली आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायला मलाच लावलं: केशवरावांनी मशीनपासून वीस पावलांच्या आत येऊ नये.
चंद्रभानला वाचून दाखवली. त्यानं शांतपणे विचारलं, पावलं कोनाची मोजाची जी, तुमची का माही?
म्हणालो, तुझी.
मग त्यानं मोजली, आणि मी मागे सरकत सरकत रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिलो.