भिंतीवरची फट

५ एप्रिल
दुपारी तीनला बाहेर ४०, खोलीत ३९. म्हणजे कवेलूच्या कौलारू छपराने दिवसभर राबून एका डिग्रीची सावली दिली. शाळेतून रिटायर होताना मुलींनी दिलेलं थर्मामीटर भिंतीवर आहे, म्हणून निदान किती भाजले ते कळतं.
सव्वाअकराला भिंतीपलीकडे कुंदाने, माझ्या धाकट्या जावेने, मिरच्यांची फोडणी दिली आणि ठसका मला लागला. तिच्या घरची फोडणी माझ्या नाकात, तिच्या नवऱ्याचा दमा माझ्या कानात. घराची वाटणी झाली तेव्हा गवंड्याने मधली भिंत आडव्या लाकडापर्यंतच आणली आणि म्हणाला, वर छप्पर तर एकच आहे. हातभर फट राहिली ती अकरा वर्षं तशीच. माणसं वेगळी झाली, हवा एकच.
संध्याकाळी सचिनचा बंगलोरहून फोन. "मम्मी, छप्पर के नीचे फोम स्प्रे करवा लो. सब ओल्ड हाउसेस में करते हैं." मराठी समजतं त्याला. या हिंदी शहरात वाढला, बोलायला जीभ जड होते.

९ एप्रिल
फोमवाला अधारताल मोहल्ल्यातून आला. पोरगा हुशार. गाडीत दोन ड्रम, गरम होणारा लांब पाइप आणि बंदूक. फवारलं की फेस फुगतो, मिनिटभरात घट्ट होतो. टॉर्च मारून छप्पर पाहिलं आणि थेट फटीवर बोट ठेवलं. "आंटीजी, ये बंद नहीं किया तो फोम का कोई मतलब नहीं. ठंडक सब उधर निकल जाएगी."
मी म्हटलं, सबसे पहले वही बंद करो.
हे पेपर वाचत होते. पान उलटलं नाही.

१० एप्रिल
जेवताना हे म्हणाले, "भिंतीवरची थोडी जागा राहू दे ना वं."
"काहून?"
"वसंताकडे मागे खिडकी नाही. त्याची गरम हवा फटीतून येते न् आपल्या छपराजवळच्या रोशनदानातून जाते. तिकडे कोंडेल ना तो."
वसंता म्हणजे यांचा धाकटा भाऊ, कुंदाचा नवरा. मोटार वाइंडिंगच्या दुकानात वार्निशचा वास ओढून ओढून छाती गमावली. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. पण तो तिचा नवरा आहे आणि तिने जे केलं ते केलं. सासूबाईंच्या तेरवीच्या पंगतीत, वरण वाढताना, सगळं गोत बसलेलं असताना: "म्हातारीला उपाशी मारलं हिने." शुगर चारशेवर जायची म्हातारीची. डॉक्टरने लिहून दिलं होतं. मी उपाशी ठेवलं नाही, मोजून वाढलं. शेवटी शेवटी पुरी मागायची, रडायची, तरी मोजूनच वाढलं. दीड पोळी.
यांना म्हटलं, त्यांनी त्यांच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडावी. कोणी हात धरलेत?
यापुढे तिला कुं. लिहीन. पूर्ण नावाची शाई कशाला.

१६ एप्रिल
उद्या फोम. सामान अंगणात काढलं. भिंतीच्या माथ्यावर काय काय आहे ते बघायला शिडी लावून मीच चढले, हे बँकेत गेले होते.
जाळी, उंदराच्या लेंड्या, एक फुटकं कवेलू. आणि मधोमध, दोन्हीकडून हाताला सहज येईल अशी, तंबाखूची डबी. पितळी, दोन तोंडांची. एकीकडे तंबाखू, एकीकडे चुना. चुना ओला.
शिडीवरच बसून राहिले.
हे दोघे भाऊ लग्नाकार्यात एकमेकांकडे पाठ करून बसतात. खमरियाच्या फॅक्टरीतून हे रिटायर झाले तेव्हाच्या सत्काराला वसंता आला नाही, तर आठवडाभर घुमे होते. आणि इकडून स्टुलावर चढून हे डबी ठेवणार, तिकडून तो घेणार, चुना संपला तर तो भरणार. रोज. अकरा वर्षं. म्हणजे भांडत कोण होतं? मी एकटी. माझ्यासाठी भांडतात असं समजून मी यांच्या पानात साजूक तूप जास्त वाढत आले.
डबी होती तिथेच ठेवली. काढली नाही.
फोमवाल्याचा फोन आला: "आंटीजी, दीवार के ऊपर से सब हटा दिया ना?" म्हटलं, सब हटा दिया.

१७ एप्रिल
अधारतालला यांच्या आतेबहिणीकडे. चोवीस तास घरात जायचं नाही, वाफ वाईट असते. हे सकाळीच इकडे आले. मी काम संपेपर्यंत अंगणात, दाराशी थांबले.
पांढरे कपडे, तोंडाला मास्क, दोघेजण. सुरू करायच्या आधी पोराने विचारलं, "दीवार के उस तरफ कोई है क्या? उनको भी बाहर जाना पड़ेगा."
मी म्हटलं, नहीं, वो लोग शादी में गए हैं.
विचार करून बोलले असं नाही. तोंडातून आलं. आल्यावर मागे घेतलं नाही, हे मात्र विचार करून.
आधी छप्पर मारलं. मग बंदूक फटीकडे वळली. पिवळट फेस फुगत फुगत भिंतीवर चढला. पलीकडून कुं.चा आवाज आला, "कोण आहे वरती? जाऊबाई, हे काय करून राहि..." तेवढ्यात कोपरा भरला. पुढचं ऐकू आलं नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं वाक्य अर्धवट राहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.
पोराने मास्क काढून माझ्याकडे पाहिलं. "आंटीजी, उधर तो कोई है." मी म्हटलं, आ गए होंगे. तो पळत त्यांच्या दाराकडे गेला.
सहाला यांचा फोन वाजला. कुं.चा. म्हणजे नंबर आहे तिच्याकडे. वसंताला धाप लागली, दवाखान्यात नेलं. हे चपला घालून निघाले. मला चल म्हणाले नाहीत, मीही येते म्हटलं नाही. आतेबहिणीने कढी केली होती. जेवले.

१९ एप्रिल
घरी. बाहेर ४१, खोलीत ३४! पंखा दोनवर पुरतो. वर पाहिलं की भाजलेल्या रव्यासारखं सगळं, खडबडीत. आवाज नाही. खोकला नाही, फोडणी नाही, तिचा टीव्ही नाही. दोन तास झोपले.
उठले तर हे स्टुलावर. भिंतीवर फोमचा फुगवटा आहे, त्यावरून हात फिरवत होते. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मला बघून उतरले.
"तुला दिसली होती का?"
"काय?"
"काही नाही."

२६ एप्रिल
वसंता घरी आला म्हणे, बाहेरून कळलं. ऑक्सिजनवर ठेवलं होतं चार दिवस. दमा जुनाच आहे. एप्रिलमध्ये दरवर्षी वाढतो. हे मी स्वतःला रोज सांगते आणि रोज पटतं, जेवेपर्यंत.
यांनी तंबाखू सोडली. मी वीस वर्षं सांगत होते तेव्हा सोडली नाही.

८ मे
कवेलू फेरायला, म्हणजे काढून नीट बसवायला, रामदीन आला. पावसाळ्याआधी दोन्ही घरांचं छप्पर एकाच दिवशी फेरतो, भांडण झालं त्या वर्षीही त्याने हेच केलं. आमच्या बाजूचं एक कवेलू हलेना. सगळी फोमला चिकटलेली. "भाभी, ये तो जनम भर का हो गया." मग पलीकडे गेला. परत आला तेव्हा पाणी प्यायला. जाताना म्हणाला, "उधर भट्ठी है भाभी. भैया के सिर के ऊपर के दो खपरे निकाल दिए हैं. पानी गिरते ही लगाने पड़ेंगे."
मी काय करू? मी माझं घर थंड केलं. पाप आहे का ते?

१३ मे
हे जेवून उठले, पाण्याची बाटली भरली आणि समोरच्या दाराने त्यांच्याकडे गेले. रस्त्यावरून, दिवसाढवळ्या, सगळ्या कांचघर मोहल्ल्याच्या डोळ्यांदेखत. चारला आले, शर्ट पिळावा इतका ओला. अंघोळ केली. बाहेर ४३, खोलीत ३५.

१५ मे
रोज जातात. मी गार खोलीत एकटी जेवते. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, पूर्वी येत नव्हती.

१८ मे
आज हे कापायची करवत घेऊन आले. "फटीपुरतं कापतो. हातभर."
"कापायचं नाही."
"वसंता मरून जाईल वं."
"मग खिडकी पाडा म्हणावं."
"मागं दुसऱ्याची भिंत आहे. तुला माहीत नाही का?"
माहीत होतं. दहा एप्रिललाही माहीत होतं.
मग माझाच तोल गेला. म्हटलं, मी पाहिली होती डबी. चुना ओला होता. मुद्दाम ठेवली तिथेच.
हे म्हणाले, "डबीचं मला माहीत आहे. माणूस होता तिकडे, हे बी माहीत होतं ना तुले?"
फोमवाल्याने सांगितलं असणार. यांनी करवत कोनाड्यात ठेवली. कापलं असतं तर मी भांडले तरी असते. न कापता ठेवली.

२१ मे
बाहेर ४५. जेवण झालं, नेहमीसारखी वही काढली आणि दोन ओळी लिहायच्या आत कडी वाजली.
खिडकीतून पाहिलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर वसंता, एका बाजूने हे, दुसऱ्या बाजूने कुं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. किती वाळलाय. मान पुढे पडलेली.
कुं. म्हणाली, "जाऊबाई, दोन तास बसू द्या यांना. ऊन उतरलं की नेतो."
अकरा वर्षांत मला उद्देशून पहिलं पूर्ण वाक्य.
मी दारामागूनच म्हटलं, "तेरवीला बोललीस ते परत घे."
"घेतलं."
इतकंच? एका शब्दात? मी अकरा वर्षं ते वाक्य उशाशी घेऊन झोपले. रडून नाही, हात जोडून नाही. पोलकं घामाने चिकटलेलं, दोन्ही हात खुर्चीला. मी म्हटलं, नीट सगळं बोल. काय घेतलंस ते बोल.
ती म्हणाली, "म्हातारीला उपाशी नाही मारलं तुम्ही. खोटं बोलली मी. आता उघडा."
मनापासून नव्हतं. कळतं मला. नवरा खुर्चीत असताना कोणीही काहीही म्हणेल. हे एक शब्द बोलले नाहीत, दाराकडे पाहतही नाहीत. निदान यांनी तरी मला हाक मारावी. मारतील म्हणून कडी न काढता इथे येऊन बसले, आणि हात रिकामा राहत नाही म्हणून लिहिते आहे. किती वेळ झाला? पाच मिनिटं असतील.
खोकला ऐकू येत होता. दारातून, अगदी जवळून.
आता येत नाही.
हे हाक मारत आहेत. मला नाही. वसंताला.