फिल्टरमधलं फडकं

दादा,

बाबांच्या मोटरसायकलचं इंजिन मी खोललं. हसू नकोस. महिनाभर पुस्तक समोर ठेवून एकेक भाग सोडवला, कार्बोरेटर जुन्या टूथब्रशने घासला, सगळं पुन्हा जोडलं. तरी गाडी ढिम्म. शेवटी एअर फिल्टरचा डबा उघडला, जो खरं तर सगळ्यात आधी उघडायचा असतो. आत फडकं होतं. माझ्या पिवळ्या फ्रॉकचं.

लहानपणी गाडी धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून मीच ते कोंबलं होतं, आणि काढायचं विसरले. गाडी बंद पडली ती कायमचीच. शेवटची किक तू मारली होतीस, म्हणून बोलणी मात्र तू खाल्लीस. "इंजिनाची वाट लावलीस," म्हणाले होते बाबा. त्यानंतर तू गाडीला हात लावला नाहीस.

फडकं काढलं आणि तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. मी काळ्या हातांनी अंगणात नाचले. बाबा फडकं उलटसुलट बघत म्हणाले, "उगाच बोललो त्याला."

हे पत्र पोस्टात टाकत नाही, फोटो काढून आत्ताच तुझ्या फोनवर पाठवतेय. उद्या सकाळी आम्हीच निघतोय. गाडी मी चालवणार, बाबा मागे बसणार. हॉर्न वाजला की खाली ये. तुझ्या दारात इंजिन बंद करीन. पुढची किक तुझी.

तुझी,
फडकेवाली धाकटी