शंखातली मंडळी

३ मार्च
रक्त दिले. ताईने, मी आणि तिच्या लेकीनेही. या भाचीचे नाव मी टिटवी ठेवले आहे, कारण जन्मल्यापासून वरच्या पट्टीत बोलते. अलीकडे तर पट्टी आणखी चढली आहे.
आमच्या घराण्यात चाळिशी आली की कान सेवानिवृत्त होतात. वडिलांचे झाले, ताईचे झाले. मीही चाळिशी ओलांडली – आणि वार्ताहराचा धंदा तर सगळा कर्णोपकर्णी! हा कोणत्या जनुकाचा प्रताप, ते टिटवीची प्रयोगशाळा शोधते आहे.

४ मार्च
शिंकलो. कानात दडा बसला. दिवसभर मृत्युपत्राचा मसुदा डोक्यात.

९ मार्च
टिटवीने सूक्ष्मदर्शक दाखवला. उंदराच्या कानातला शंख. आत पेशींच्या रांगा, प्रत्येकीच्या माथ्यावर केसांचा तुरा. आवाज आला की तुरा हलतो, मेंदूला खबर जाते. म्हणजे आमचेच जातभाई – फक्त बातमीत पदरचे घालत नाहीत. एक मेली की तिची जागा रिकामीच. आमच्यातला दोष त्यांना सावकाश मारतो; बारीक, उंच आवाज टिपणाऱ्या आधी जातात.
मग दुसरी काच. दोष तोच, पण या उंदराला तान्हेपणीच औषध टोचलेले. रांगा अभंग!
"जगल्यात, मामा," एवढेच म्हणाली. माणसांपर्यंत हे पोचायला अवकाश आहे म्हणे. मी मनातल्या मनात उंदराला नमस्कार केला, आणि पोरीलाही.
तिच्या कोपराशी वेळ लावलेले घड्याळ पिपाणीसारखे किंचाळत होते. टिटवीबाईंची मान वर नाही. शेवटी मीच बंद केले. काय ही समाधी! शाळेत गुरुजी आम्हांला हीच एकाग्रता शिकवता शिकवता म्हातारे झाले.

१४ मार्च
ताईकडे जेवण. तिथला रिवाज – हाक मारायची नाही, लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. ताई वळली की तोंडासमोर तोंड आणून बोलायचे. टिटवी याच शिस्तीत वाढली. माझ्याशी बोलतानाही नजर ओठांवर.
ताई म्हणाली, तुझे कान गेले तर बरेच, बडबड तरी कमी होईल. मी म्हटले, तुझ्याकडे पाहून तशी आशा वाटत नाही.

२१ मार्च
माझ्यात दोष नाही! टिटवीने स्वतः येऊन सांगितले. ताईने मला धपाटा घातला आणि डोळे पुसले. स्वतःच्या निकालाचे टिटवी काही बोलली नाही. आनंदात मीही विचारले नाही.

२२ मार्च
ताईच्या स्वयंपाकघरात. टिटवी पाठमोरी, कपबशा विसळत होती. शेजारी किटली शीळ घालत होती, घालतच होती. मी हाक मारली. पुन्हा मारली.
मग जमिनीवर पाय आपटला.
ती चटकन वळली. माझ्या पायाकडे पाहत राहिली. ताई पलीकडच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसली होती, बोललेले तिला कळण्याचा संभव नव्हता. तरीही टिटवी आयुष्यात प्रथमच हळू बोलली.
"आईला इतक्यात सांगू नकोस. मला अजून बरंच काम उरकायचंय."